इन्स्पेक्टर कुठवर आला

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. कायदा लहान आहे, एका बैठकीत वाचून होतो. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचे नाही, सात ते बारा वयाच्या मुलाला नऊ तासांहून अधिक राबवायचे नाही, धोक्याच्या यंत्राभोवती कठडा हवा, अपघात झाला तर कळवायचे, आणि हे सारे होते की नाही ते बघायला सरकारने इन्स्पेक्टर नेमायचा. पण या सगळ्याच्या आधी व्याख्या येते आणि खरी गोम तिथे आहे. शंभर किंवा अधिक माणसे, यांत्रिक शक्ती आणि वर्षातून निदान चार महिने काम, एवढे जमले तरच तो ‘कारखाना’. चहा-कॉफीचे मळे आणि निळीचे काम नावानिशी वगळलेले. नव्याण्णव माणसे असतील तर कठड्याची सक्ती नाही आणि इन्स्पेक्टरही दारावरून पुढे जाणार.

गेली काही वर्षे मी या इन्स्पेक्टर नावाच्या माणसाच्या मागावर आहे. आपल्याकडे कामगारांचा इतिहास लिहिला गेला तो मुख्यतः संपांचा आणि पुढाऱ्यांचा. इन्स्पेक्टर त्यात आलाच तर पाकीट घेणारा म्हणून येतो. ही नोकरी जन्मली कशी, ती कोणी केली, तिचा हात कुठवर पोचला, हे सहसा कोणी सांगत नाही. मी मूळचा ताडकळसचा. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले हे गाव. बाजार समिती आहे, पोलीस ठाणे आहे, शिवारात कापूस, सोयाबीन, तूर आहे. चिमणी दिसावी असा कारखाना नाही. त्यामुळे मुंबईत बसून फॅक्टरी खात्याच्या जुन्या वार्षिक अहवालांची पाने उलटताना एक प्रश्न माझ्या डोक्यात कायम असतो, की हा माणूस आमच्या शिवारापर्यंत आला का?

नोकरीचा उगम अर्थातच इंग्लंडातला. तिथे कारखान्यांविषयीचे कायदे १८०२ पासून होत होते, पण ते पाळले जातात की नाही हे बघण्याचे काम स्थानिक न्यायाधीश आणि पाद्री यांच्याकडे होते. न्यायाधीश पुष्कळदा गिरणीमालकांच्याच पंक्तीला जेवणारे. १८३३ च्या कायद्याने प्रथमच सरकारी पगारावरचे इन्स्पेक्टर आले. साऱ्या देशाला मिळून चार. त्यांतला लिओनार्ड हॉर्नर हा भूगर्भशास्त्राचा अभ्यासक. खडकांचे थर वाचणारा हा माणूस पुढे पाव शतक गिरण्यांच्या हजेरीबुकातले थर वाचत राहिला. जेवणाच्या सुट्टीतून पाच मिनिटे चोरणारा मालक त्याने अहवालात असा पकडला की पुढे मार्क्सला ‘कॅपिटल’ लिहिताना ते अहवाल हाताशी लागले आणि त्याने हॉर्नरची तोंडभरून स्तुती केली. मला यात महत्त्वाचे वाटते ते पगाराचे. ज्याचा दोष काढायचा त्याच्याकडून पगार घ्यायचा नाही, एवढ्याशा गोष्टीवर ही नोकरी उभी राहिली.

हिंदुस्थानात माणसाच्या आधी बॉयलरला इन्स्पेक्टर मिळाला. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली आणि पुढल्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. बॉयलर फुटला तर मालकाचेही नुकसान होते. मुलाचा हात पट्ट्यात गेला तर दुसरे मूल मिळते. हा हिशेब कोणी लिहून ठेवलेला नाही, पण दोन कायद्यांमधल्या सतरा वर्षांत तो वाचता येतो.

मुंबईतली चर्चा सुरू झाली ती कापूस खात्याचे मेजर मूर यांच्या अहवालाने. त्यांनी १८७०-८० च्या दशकाच्या आरंभी गिरण्यांतल्या लांबलचक तासांकडे आणि मुलांकडे बोट दाखवले. १८७५ मध्ये मुंबई सरकारने आयोग नेमला. अध्यक्ष होते कलेक्टर एफ. एफ. आर्बथनॉट. (रिचर्ड बर्टनच्या जोडीने १८८३ साली ‘कामसूत्र’ इंग्रजीत छापणारे ते हेच. भगवानलाल इंद्रजी आणि शिवराम परशुराम भिडे या दोघांनी ज्यासाठी मूळ संस्कृताशी झुंज घेतली त्या उद्योगाचे श्रेय जगाने बर्टनला दिले, ते असो.) आयोगात गिरणीमालकांचा भरणा होता. बहुमताने निष्कर्ष निघाला की कायद्याची गरज नाही. अध्यक्ष आर्बथनॉट आणि डॉ. ब्लेनी यांचे मत मात्र कायदा हवा असे पडले. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी १८७८ मध्ये स्वतःच कायद्याचा मसुदा तयार केला, तोही अडला.

आणि आपली वर्तमानपत्रे? ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या कायद्यांच्या विरोधात होते. त्यांच्या मते ही सारी लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची खेळी होती. मुंबईच्या स्वस्त कापडाला टक्कर देता येईना म्हणून त्यांना इथल्या पोरांची दया आली. हा संशय निराधार नव्हता. मँचेस्टरचे व्यापारी खरोखरच या कायद्यासाठी पार्लमेंटात रेटा लावत होते. पण कोणाचा हेतू काय हे ठरवण्याच्या वादात, पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या पोराचे काय, हा प्रश्न देशी पत्रांनी बाजूला ठेवला. परक्याने चांगले सांगितले म्हणून ते वाईट ठरवायची ही खोड आपल्याला त्यानंतरही पुष्कळ महाग पडली आहे.

अपवाद नारायण मेघाजी लोखंडे यांचा. मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर असलेला आणि ‘दीनबंधू’ चालवणारा हा सत्यशोधक. १८८४ च्या सप्टेंबरात परळला त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन आयोगापुढे ठेवले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. शाळेच्या पुस्तकात रविवारची सुट्टी येते, १० जून १८९० ला ती मिळाली हेही येते. कमी लक्षात राहते ती त्याच निवेदनातली आणखी एक मागणी. काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. ही मागणी कायद्यात उतरायला १९२३ उजाडले. लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले होते.

ज्या आयोगापुढे हे निवेदन गेले त्याच आयोगापुढे खानदेशातली एक साक्ष झाली. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मुलखाविषयीच्या सर्वांत भयंकर कागदांपैकी ती एक आहे. जळगावकडच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या व्यवस्थापकाने शांतपणे सांगितले, की हंगाम आठ महिन्यांचा, त्यांतले पाच महिने पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत काम आणि उरलेले तीन महिने रात्रंदिवस. कामावर बहुतेक बायका. त्याच बायका सलग आठवडाभर जिनवर बसून असतात आणि अगदीच चालेनासे झाले की दुसरी माणसे आणतात. साक्षीत लपवाछपवी नाही, कारण लपवण्यासारखे काही चालले आहे असे त्याला वाटतच नव्हते. १८८१ च्या कायद्यात प्रौढ स्त्रियांच्या तासांवर बंधन नव्हते आणि लहान, हंगामी कारखाने तर व्याख्येच्या बाहेरच. मुंबईच्या गिरणीत मुले मोजणारा इन्स्पेक्टर कापूस पिकतो त्या मुलखात नव्हता. जिल्ह्यात त्याचे काम पदसिद्ध म्हणून कलेक्टरकडे, आणि कलेक्टरला महसूल, दुष्काळ, शिकार हे सगळे सांभाळून वेळ उरला तर.

१८९१ मध्ये मर्यादा शंभरावरून पन्नासवर आली, स्त्रियांना अकरा तासांची हद्द मिळाली, मुलाचे किमान वय नऊ झाले. वय ठरवायचे कसे, तर सर्टिफाइंग सर्जनने दात बघून. जन्मनोंद नसलेल्या मुलखात दातांवर कायदा चालला आणि दातांबरोबर त्यातल्या पळवाटाही वाढल्या. एकाच पोराचे दोन दाखले काढून त्याला एकाच दिवशी दोन गिरण्यांत धाडणारे आईबाप निघाले. इतके, की १९२६ मध्ये अशा पालकांना दंड करण्याची तरतूद करावी लागली. १९०८ च्या आयोगाने तपासणीची लक्तरे उघडी केली आणि पदसिद्ध इन्स्पेक्टर कुचकामी आहेत हे स्पष्ट झाले. त्यानंतर पूर्णवेळ, यंत्र कळणारी माणसे या नोकरीत आली. १९२० नंतर मुंबई इलाख्यात मिस कामा या लेडी इन्स्पेक्टर होत्या. पाळणाघर, बाळंतपणाचा भत्ता, बायकांची प्रसाधनगृहे या गोष्टी इन्स्पेक्टरच्या वहीत शिरल्या त्या या काळात. १९२९ चा मुंबईचा प्रसूती भत्ता कायदाही त्याच वातावरणातला. पुरुष इन्स्पेक्टरला गिरणीतली बाई काय सांगणार होती?

दुसऱ्या महायुद्धात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आठवड्याचे ४८ तास करणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्या काळातली हे बऱ्याच जणांना माहीत असते. १९४५ मध्ये दिल्लीत कारखान्यांविषयीच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय सुरू झाले तेही त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे त्याचाच विस्तार होऊन मुंबईत शीवला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट उभी राहिली. देशभरातले फॅक्टरी इन्स्पेक्टर आणि सेफ्टी ऑफिसर आजही तिथे शिकायला येतात. तासांचा कायदा करून भागत नाही, तो बघणारा माणूस घडवावा लागतो, ही समज मला त्या कार्यालयाच्या स्थापनेत दिसते.

आमच्या भागाची गोष्ट वेगळी, कारण आम्ही निजामाच्या राज्यात. १९०० च्या सुमाराला गोदावरी खोऱ्यातली रेल्वे मनमाडहून परभणी, पूर्णा, नांदेडवरून हैदराबादकडे गेली आणि रुळांच्या कडेने जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या उगवल्या. सेलू, मानवत, परभणी, नांदेड. नांदेडला पुढे उस्मानशाही मिलही आली. ब्रिटिश हद्दीत १८८१ ला झाला तसा कारखाना कायदा हैदराबाद संस्थानात आला तो १३३७ फसलीचा, म्हणजे १९२७-२८ चा. मधल्या काळात कापसाच्या गाठी त्याच मुंबईला जात होत्या, त्याच गिरण्यांत सूत होत होत्या. मुंबईच्या दाराशी त्या कापसाला इन्स्पेक्टर भेटत होता, परभणीच्या जिनवर बसलेल्या बाईला नाही. पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आले आणि १९४८ चा नवा कारखाना कायदा इकडेही लागू झाला.

हा १९४८ चा कायदा यंत्रशक्ती असेल तर दहा माणसांवर येऊन थांबला. शंभरावरून दहावर यायला सदुसष्ट वर्षे लागली. त्याच्या कलमांत आणि त्याखालच्या नियमांत जिनिंगचे जे बारकावे आहेत ते मी पुन्हा पुन्हा वाचतो. जिनिंग फॅक्टरीतला जमिनीखालचा मुख्य शाफ्ट सलग भिंतीने किंवा चढता येणार नाही अशा कुंपणाने बंद हवा. कापूस पिंजणारे यंत्र चालू असेल त्या भागात स्त्रियांना आणि मुलांना काम देता येणार नाही. चालू यंत्राची तपासणी करायची झाली तर शिकवून तयार केलेल्या प्रौढ पुरुषानेच, आणि तीही अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, जे मालकाने पुरवायचे. असा नियम कोणी टेबलाशी बसून सुचल्यावर लिहीत नाही. शाफ्टखालची सरकी झाडायला वाकलेल्या कोणा बाईचा पदर गेला असणार, कोणाचे धोतर गेले असणार, कोणी इन्स्पेक्टरने जाऊन पंचनामा केला असणार आणि मग ‘चढता येणार नाही अशा’ हे शब्द नियमात आले असणार. कारखाना कायदा हे मला मेलेल्या माणसांचे गॅझेटियर वाटते.

हे शब्द अमलात आणणारी नोकरी कशी होती? सत्तरच्या दशकात इंजिनिअरिंगची पदवी घेऊन फॅक्टरी इन्स्पेक्टर झालेल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांशी मी दोन दिवस बोललो. नाव न घालण्याच्या अटीवर ते मोकळे झाले. कलम ९ चे त्यांना आजही अप्रूप आहे. कारखाना आहे असे वाटण्यास कारण असेल अशा कुठल्याही जागी आत शिरण्याचा अधिकार त्या कलमाने इन्स्पेक्टरला दिला. “तो अधिकार होता, पण जीप नव्हती,” ते म्हणाले. जिनिंगच्या भागात एस.टी.ने जायचे, स्टँडवर उतरताच कोणीतरी सायकल मारत पुढे निघायचा आणि ते पोचेपर्यंत हजेरीबुक स्वच्छ झालेले असायचे. म्हणून ते आधी संडास बघत. “हजेरीपट तासाभरात लिहिता येतो, संडास तासाभरात बांधता येत नाही.” खटला भरला तर तारखांना स्वतः जायचे. मूळ कायद्यात सर्वसाधारण गुन्ह्याला कमाल दंड पाचशे रुपये होता. मालकाच्या वकिलाची एका दिवसाची फी त्याहून अधिक. लाचेविषयी मी विचारले. त्यांनी नाकारले नाही, एवढेच म्हणाले, की ज्याच्याकडे शेकडो कारखाने आणि एक बाबू आहे, त्याने प्रामाणिकपणे वर्षात सगळे बघितले असे लिहिले तर ते आधी खोटे समजावे.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ झाले. १९८७ च्या दुरुस्तीने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे सबंध नवे प्रकरण घातले. दंड लाखापर्यंत आणि कैद दोन वर्षांपर्यंत गेली. खात्यांची नावेही बदलली. महाराष्ट्रात आज औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय म्हणतात. पण भोपाळच्या आधीच एक वेगळी नोकरी जन्माला आली होती, आणि आज या क्षेत्रात करिअर म्हणजे मुख्यतः तीच. १९७६ च्या दुरुस्तीने हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याने स्वतःचा सेफ्टी ऑफिसर नेमावा असे सांगितले. महाराष्ट्राने त्याचे नियम १९८२ मध्ये केले. औद्योगिक सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रम करून आमच्याकडची मुले चाकण, वाळूज, शेंद्रा इथे लागतात, काही आखातात जातात. हेल्मेट, सेफ्टी बूट, गळ्यात ओळखपत्र, घरी पक्का स्लॅब. चांगली नोकरी आहे, आणि यांतल्या कित्येकांनी माणसे वाचवली आहेत यात मला शंका नाही. फक्त पगार कंपनी देते. हॉर्नरच्या नोकरीचा जो पाया होता तो इथे उलटा झाला. सेफ्टी ऑफिसर उत्पादन थांबवा म्हणाला तर त्याचे ऐकणारा आणि त्याची पगारवाढ ठरवणारा माणूस एकच असतो.

बाहेरचा इन्स्पेक्टर याच काळात विरळ होत गेला. ‘इन्स्पेक्टर राज’ हा शब्द शिवीसारखा रूढ झाला. २०१४ पासून कोणाची तपासणी करायची हे केंद्राच्या संगणकाने ठरवायला सुरुवात केली, महाराष्ट्राने स्व-प्रमाणीकरणाची योजना आणली. व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. तीत यंत्रशक्तीच्या कारखान्याची मर्यादा दहावरून वीस माणसांवर गेली आणि अधिकाऱ्याचे नाव ‘निरीक्षक-नि-सुलभकर्ता’ असे झाले. १८८१ पासून जो आकडा खाली येत होता तो वर चढला.

आता ताडकळस.

आमच्याकडे सोयाबीन कापून सुडी घालतात आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला ती मळणीयंत्रातून काढतात. या यंत्राला आमच्या भागात हडंबा म्हणतात. पंजाबातही मळणीयंत्राच्या एका जुन्या प्रकाराचे नाव असेच आहे, तेव्हा यंत्राबरोबर शब्दही तिकडून आला असावा. ट्रॅक्टरच्या पीटीओवर तो चालतो, मागे सहा-सात माणसे असतात, सकाळी एकाच्या शेतात आणि दुपारी दुसऱ्याच्या. एक जण तोंडाशी उभा राहून माल आत सारतो. धुळीने काही दिसत नाही, म्हणून डोक्याला आणि तोंडाला रुमाल. बायका पेंढ्या आणून देतात, पदर खोचलेला असतो, कधी सुटतो. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतल्या एका तात्यांचा उजवा हात मनगटापासून असाच गेला. “हडंब्यानं घेतला” असे लोक म्हणत, जसे नदीने घेतला म्हणतात. यंत्रवाल्याने परभणीच्या दवाखान्याचे बिल दिले, ते त्याने भलेपणाने दिले. दुसऱ्या दिवशी हडंबा शेजारच्या गावी चालू होता. कुठे नोंद झाली नाही. तात्यांना जमीन नव्हती. आज शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे, पण ती सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या यादीत ट्रॅक्टर वा अन्य यांत्रिक साधनांनी होणारे शेतीकाम होते, म्हणजे तात्यांचा हक्क कागदावर होता. पण त्यांचा मालक कोण? शेतकरी, यंत्रवाला, की मजूर गोळा करणारा मुकादम?

गंमत अशी, की या यंत्रासाठी स्वतंत्र कायदा आहे. इंग्लंडात मळणीयंत्राचा ड्रम आणि तोंड झाकलेच पाहिजे असा कायदा १८७८ मध्ये झाला, म्हणजे आपल्या पहिल्या कारखाना कायद्याच्याही तीन वर्षे आधी. त्यात इन्स्पेक्टरची वाट बघितली नव्हती. असे यंत्र उघडे चालते असा वाजवी संशय आला तर साध्या पोलीस शिपायाला शेतात शिरून ते बघण्याचा अधिकार होता. आपल्याकडे पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशात गव्हाच्या मळणीत हात तुटण्याचे प्रमाण इतके वाढले, की १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला. १८७८ नंतर एकशे पाच वर्षांनी. शेतीसाठीचे शक्तीवर चालणारे मळणीयंत्र हे त्यातले धोकादायक यंत्र. बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला परवाना, राज्याने नेमायचा नियंत्रक, मजूर मेला किंवा जायबंदी झाला तर भरपाई. माल सारण्याच्या नाळीला भारतीय मानकही आहे. नाळ निदान ९० सेंटिमीटर लांब, त्यातली ड्रमकडची ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली. माणसाचा हात तेवढा लांब नसतो, एवढाच त्यामागचा साधा विचार.

हा कायदा मी सांगितला तेव्हा आमच्या गावात तो एकाही शेतकऱ्याने, मजुराने किंवा यंत्रवाल्याने ऐकलेला नव्हता. दोष त्यांचा नाही. कारखाना कायद्यामागे कसेबसे का होईना एक खाते उभे राहिले, त्याची परीक्षा, बढती, अहवाल, पेन्शन सगळे झाले. मळणीयंत्राच्या कायद्यामागे अशी नोकरी कधी जन्मली नाही. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा उद्योगधंद्यांतल्या तपासणीविषयीचा करार भारताने १९४९ मध्येच मान्य केला. शेतीतल्या तपासणीविषयीचा १९६९ चा करार आजतागायत केलेला नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हाही हेच दिसले. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे द्यावेत हे कीटकनाशक नियमांत १९७१ पासून आहे. निरीक्षकही आहेत, पण ते दुकानात जाऊन बाटलीचा नमुना घेतात. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाकडे बघणे कोणाच्या कामात बसत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाच्या संशोधकांनी शेतकरी बायकांचे कष्ट कमी करणारी अवजारे, हातमोजे, कापूस वेचणीचे कोट तयार केले आहेत. ते प्रदर्शनात दिसतात.

आमच्या गावातला एक मुलगा पुण्याकडे सेफ्टी ऑफिसर आहे. दोन वर्षांमागे दिवाळीला आला होता. मी हे सारे वाचतो आहे हे त्याला कळले, तेव्हा तो आपण होऊन माझ्याबरोबर एका शेतात आला, खिशात मोजपट्टी घेऊन. डिझेल भरायला हडंबा थांबला होता. त्याने नाळ मोजली, दोन वितींच्या वर काही भरेना. वरचे झाकण नव्हतेच. कडेला वेल्डिंग कापल्याची खूण होती.

“मामा, हे कापलंय का?”

“कापलंय ना,” यंत्रवाला म्हणाला. “लांब ठिवलं तर माल सरकत नाई, आन्‌ ओली सुडी असली की गच्च बसतंय. मला पोत्यावर पैसे भेटतेत साहेब, तासावर नाई.”

“तुमच्या माणसाचा हात गेला मंजे?”

“म्हणून तर त्याला जास्तीचे पन्नास देतो ना.”

तोंडाशी उभा राहणारा माणूस बाजूला तंबाखू मळत होता. मुलाने त्याला गळ्यातला रुमाल निदान आत खोचून घ्यायला सांगितले. त्याने हसून खोचला. शेतमालक बांधावरून ओरडला, की आभाळ भरून आलंय, अर्धी सुडी बाकी आहे, चालू करा. ट्रॅक्टर चालू झाला. धूळ उठली तशी त्या माणसाने रुमाल परत काढून नाकावर बांधला.